सभासद क्रमांक २१२ चं मत

“ही पानं कुणी चिकटवली?”

मी पुस्तक काउंटरवर आपटलं. समोर अकरा वर्षांची पोरगी उभी. दोन वेण्या, हातात कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही.

“मी,” ती म्हणाली.

“कशानं?”

“खळीनं. आबांनी करून दिली. कणकेची.”

“कणकेची! म्हणजे आता झुरळांनाही सभासद करून घ्यायचं आम्ही. अगं, पुस्तक वाचनालयाचं आहे, तुझ्या घरचं आहे का?”

“पण बाई, त्याचा शेवट चुकलाय.”

“चुकलाय? छापून आलेला शेवट चुकलाय, आणि तू गणिताच्या वहीच्या चार पानांवर लिहिलास तो बरोबर?”

“हो,” ती म्हणाली. “कप्तानानं चिनूला शब्द दिला होता. शब्द दिल्यावर यायला लागतं.”

ही सारिका निकम. तिच्या आजोबांच्या, म्हणजे दत्तूआबांच्या कार्डावर पुस्तकं न्यायची. सभासद क्रमांक २१२. आणि मी शेटेबाई, विट्याच्या त्या वाचनालयात एकोणतीस वर्षं काउंटरवर बसले. लग्न केलं नाही, राग मात्र भरपूर केला. माझ्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. गावातली मोठी माणसंसुद्धा पुस्तक उशिरा परत करायला आली की चप्पल दोन पायऱ्या अलीकडंच काढायची.

ज्या पुस्तकावरून हे झालं, त्याची गोष्ट आधी सांगते. शहाण्णव साली दर रविवारी सकाळी टीव्हीवर ‘ध्रुवयान’ नावाची मालिका लागायची. अंतराळात निघालेलं यान, त्याचा कप्तान समर, आणि घरी राहिलेली त्याची मुलगी चिनू. दर भागाच्या शेवटी कप्तान यानातून तिला सांगायचा, “चिनू, खिडकीतला दिवा चालू ठेव. मी येतोय.” त्या वेळी गल्लीत काळं कुत्रं दिसायचं नाही. आणि एका रविवारी मालिका बंदच पडली! यान शनीजवळ अडकलेलं, इंधन संपलेलं, आणि पुढं काही नाही. लोक चिडले. मग दोन महिन्यांनी त्याच मालिकेची कादंबरी छापून आली, शेवटासकट. आमच्याकडं एक प्रत घेतली आणि तिच्यासाठी चौतीस जणांची रांग लागली.

आता आमच्या वाचनालयाची एक रीत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक रेघी कागद डकवलेला असायचा. पुस्तक वाचून झालं की सभासदानं त्यावर आपलं मत लिहायचं. नाव घालायचं नाही, फक्त क्रमांक, म्हणजे माणूस मोकळेपणानं लिहितो. कागद भरला की तो काढून टाकायचा, नवा लावायचा. काउंटरच्या मागं भिंतीवर पाटी होती: ‘पूर्ण वाचल्याशिवाय मत लिहू नये.’ ती पाटी मी स्वतः रंगवून घेतली होती. अर्धं पुस्तक वाचून ‘भिकार’ असं खरडणारे लोक मी शोधून काढून फैलावर घेत असे.

‘ध्रुवयान’च्या कागदावर तर नुसती जत्रा भरली होती. अठरा क्रमांकानं लिहिलं होतं, “मालिकेत गाणी होती, ती पुस्तकात गाळली आहेत. फसवणूक.” त्याच्या खाली त्र्याहत्तर: “अठराने पुस्तक कानाला लावून पाहावे.” तीनशे पाच क्रमांकाची शंका, यानातली माणसं आंघोळ कधी करतात याचा लेखकानं उल्लेख केलेला नाही. एक्केचाळीस क्रमांकाची तक्रार, पान शहाण्णववर शेंगेचं टरफल सापडलं, आधीच्या सभासदानं खुलासा करावा. पण शेवटाबद्दल मात्र सगळ्यांचा सूर एकच. त्या शेवटात कप्तान बाकीच्यांना छोट्या यानात बसवून घरी पाठवतो आणि स्वतः तिथंच राहतो. इकडं चिनूची आई खिडकीतला दिवा मालवते. “दोन दिवस जेवण गोड लागलं नाही,” असं एका बाईनं लिहिलं होतं.

आणि मग २१२. पोरीचं गोल गोल अक्षर. “शेवट चूक आहे. बरोबर शेवट पुढच्या चार पानांवर आहे. कृपया वाचावा.”

मी वाचला. तिच्या शेवटात कप्तान लांबून खिडकीतला दिवा ओळखतो आणि यान थेट विट्याच्या माळावर उतरवतो. दार वाजवून म्हणतो, “चिनू, भूक लागलीय.” चिनू त्याला भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढते, तो तीन भाकरी खातो आणि म्हणतो, आता कुठं जायचं नाही. मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. तोवर आणखी तीन सभासदांनी कागदावर लिहून टाकलं होतं की २१२ चा शेवट छापील शेवटापेक्षा बरा आहे. म्हणून पानं राहू दिली. फक्त दम भरला. “वाचकानं मत लिहावं, पुस्तक लिहू नये. पुन्हा खळ दिसली तर कार्ड बंद करीन.”

“नाही लावणार,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “बाई, दिवाळीला बाबा येणार आहेत. ते पण वाचणार आहेत. मी त्यांना पत्रात सांगितलंय, वाचून मत लिहायचं.”

तिचे बाबा, संपत निकम, कोइमतूरला गलाईच्या दुकानात होते. आमच्या तालुक्यातली निम्मी माणसं बाहेर असतात. सोनं-चांदी वितळवायची, ॲसिडनं शुद्ध करायची, हा धंदा. देशात कुठल्याही शहरात जा, सराफकट्ट्यावर आमच्याकडचा माणूस भेटतो. दिवाळीला ती घरी येतात, आठ दिवस गाव भरतं, आणि पुन्हा म्हातारी माणसं, बायका आणि पोरं उरतात. सारिकाची आई ती तीन वर्षांची असताना गेली. तेव्हापासून पोरगी आबांजवळ. मालिका सुरू झाल्यापासून तिनं घराच्या बाहेरचा बल्ब रात्रभर चालू ठेवायचा हट्ट धरला होता, आणि आबा तिच्यापुढं काय बोलणार!

त्या दिवाळीत संपत आला. सारिकानं रांगेतल्या पाच जणांच्या घरी जाऊन, हातापाया पडून, त्यांचा नंबर मागं सरकवला आणि पुस्तक त्याला मिळवून दिलं. आठ दिवस तो माणूस ओट्यावर बसून, ओळीखाली बोट धरून वाचत होता, असं लोक सांगत. सातवी शिकलेला. पाहुणे आले तरी पुस्तक खाली ठेवत नव्हता.

जायच्या दिवशी सकाळी दहाला तो वाचनालयात आला. एकटाच. खांद्याला बॅग, उंच, वाकलेला, बोटांची टोकं ॲसिडनं पिवळी पडलेली.

“बाई, पेन मिळंल का? मत लिव्हायचं हाय.”

मी पेन दिलं. तो खिडकीजवळच्या बाकावर बसला. पुस्तक मांडीवर घेतलं, कागद उघडला आणि बसून राहिला. मग एक ओळ लिहिली. मग पुन्हा खिडकीबाहेर बघत बसला. पुन्हा लिहिलं. अर्धा तास झाला. माझी कामं खोळंबली होती अशातला भाग नाही, पण मला कुणी असं बसलेलं बघवत नसे.

“काय निबंध लिहिताय का?” मी म्हणाले. “अकराला वाचनालय बंद होतं, ते मग पाचला उघडतं.”

“झालंच बाई, झालं.” तो दचकून उठला. पुस्तक माझ्यापुढं ठेवलं, पण त्याच्यावरचा हात काढेना. “पोरगी पाचला येईल. तिला सांगितलंय, माझं मत ह्यात हाय, गाडी गेल्यावर जाऊन वाच. ती वाचंल तवा जरा तिच्याजवळ बसा.”

“मी? मी कशाला बसू?”

“आबांच्यानं व्हनार न्हाय ते. तुमी कडक हायसा. म्हनून तुमच्याकडं ठिवतोय.”

आणि तो गेला. मला काही उलगडा होईना. मी दार लावलं, खुर्चीत बसले आणि कागद उघडला. त्याचं बारीक, चिकटून चिकटून लिहिलेलं अक्षर खालचा मोकळा भाग भरून पार समासापर्यंत गेलं होतं. कोपऱ्यावर पिवळ्या बोटाचा ठसा.

“२१२. पुस्तक पूर्ण वाचले. छापलेला शेवट खरा आहे. कप्तान परत येणार नाही. त्याचे तिकडे दुसरे घर झाले आहे. त्या घरात दोन लहान मुले आहेत आणि हे त्याने घरी अजून सांगितलेले नाही.”

इथवर वाचलं आणि माझं डोकं फिरलं. भ्याड! आठ दिवस पोरीच्या हातचं खाल्लंस, पोरीशेजारी झोपलास, तोंडानं बोलायची हिंमत झाली नाही, आणि हे असं लिहून ठेवतोस? ते पण माझ्या वाचनालयाच्या कागदावर? आणि वर पोरगी रडेल तेव्हा मी जवळ बसायचं! मी तशीच उठून स्टँडवर धावले. मिरजेची गाडी धूळ उडवत कोपऱ्यावरून वळत होती. त्याच्या बॅगेचा पट्टा तेवढा खिडकीत दिसला. परत येताना सबंध रस्ता मी त्याला शिव्या घालत होते.

खाली आणखी सहा-सात ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. आणखी काय असणार, सबबी असणार, असं मी ठरवून टाकलं. कागदाची कड धरली आणि ओढला. टरकन निघाला. अठरा, त्र्याहत्तर, आंघोळीची शंका, टरफलाची तक्रार, सगळं एकदमच. चार घड्या घातल्या आणि टेबलावरच्या माझ्या स्वतःच्या जाड शब्दकोशात मागं कुठंतरी खुपसला. नवा कोरा कागद कापला, डिंक लावला आणि पुस्तकात डकवला.

दुपारभर जेवण गेलं नाही. काय सांगायचं? दिवाळीची सुट्टी, बाप नुकताच गेलेला, आणि अकरा वर्षांची पोरगी. मोठी झाली की कळेलच की तिला, मी म्हटलं. आज कशाला?

पाचला दोन मिनिटं कमी असताना ती दारात. धावत आलेली, धाप लागलेली.

“बाई, ‘ध्रुवयान’ द्या. मी नेत नाही, इथंच बघते.”

मी पुस्तक दिलं. तिनं मागचं पान उघडलं. कोरा कागद. तिनं पान उलटलं, पुन्हा सुलटलं, शेवटी पुस्तक उभं धरून झटकलंसुद्धा.

“बाई, कागद?”

“भरला होता. नवा लावला.”

“जुना कुठाय?”

“रद्दीत. दुपारीच गेली रद्दी.”

तिचा खालचा ओठ हलायला लागला. ही पोरगी माझ्यासमोर कधी रडली नव्हती, इतका दम भरला तरी.

“त्यात बाबांचं होतं. मी त्यांना म्हटलं तोंडानं सांगा, तर म्हणाले लिहिलंय.” तिनं नाक पुसलं. “तुम्ही वाचलं का ते? तुम्ही सगळं वाचता ना?”

“वाचलं.”

“काय होतं?”

मी आयुष्यात खोटं बोललेली बाई नव्हते. खोटं बोलायला लागतं ते माणसांना खूश ठेवायचं असतं म्हणून, आणि मला कुणाला खूश ठेवायचं नव्हतं. पण तिनं दोन्ही हात काउंटरवर ठेवले होते, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “२१२ चा शेवट बरोबर आहे, असं लिहिलं होतं. कप्तान येतो.”

“असंच?”

“असंच.”

“शब्द न शब्द?”

“शब्द न शब्द. जा आता, मला कामं आहेत.”

ती हसली. डोळ्यांतलं पाणी तसंच, आणि हसली. “मला माहीतच होतं,” म्हणाली, आणि पिशवी हलवत पायऱ्या उतरून गेली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला झोपसुद्धा छान लागली.

महिन्याभरानं ती एक पोस्टकार्ड घेऊन आली. कोइमतूरचं. दोनच ओळी. “माझे मत वाचलेस का? वाचून तुला काय वाटले ते कळव.”

“मग तू काय कळवलंस?” मी विचारलं.

“लिहिलं, मत कळलं, लई आनंद झाला.”

ते वाक्य माझ्या कानात अजून आहे. लई आनंद झाला! तिकडं त्या माणसानं ते वाचून काय समजून घेतलं असेल? मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. संपत त्यानंतर कधी आला नाही. पोस्टकार्डंही थांबली.

जूनमध्ये एका सकाळी दत्तूआबा पोरीला घेऊन वाचनालयात आले. आबा कधी पायरी चढत नसत, गुडघे धरायचे त्यांचे. त्या दिवशी चढले.

“बाई, जरा समजवा हिला. कोल्हापूरची आत्या न्यायला आलीया. थितं मोठ्या शाळंत घालती म्हनतीया, समदं बघती म्हनतीया. पोरगी हुशार हाय. हितं माझ्याजवळ काय शिकनार? पर ही उंबरा सोडंना झालीया. तुमचं ऐकती ती.”

सारिका माझ्याकडं बघत होती.

“का गं? आत्याकडं काय वाईट आहे?”

“आत्या चांगली आहे,” ती म्हणाली. “पण बाबा आले आणि घराला कुलूप दिसलं तर? दिवा कोण लावणार? आबांना तर संध्याकाळनंतर दिसत नाही.”

“बाबा कोल्हापूरला येऊन भेटतील की.”

“नाही बाई. माझ्या शेवटात ते विट्याला येतात. आणि त्यांनी तो बरोबर आहे म्हटलंय. तुम्हीच वाचलंत ना?”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण मला वाटलं ह्यांना सगळं दिसतंय. शब्द अगदी ओठांवर आला होता: सारिका, मी खोटं सांगितलं. एवढे चार शब्द. ते म्हटले असते तर शेटेबाई खोटं बोलतात हे पोरीला कळलं असतं, आणि तिच्या बापाचं जे काय आहे ते मला तिच्या तोंडावर सांगावं लागलं असतं. संपत म्हणाला होता, तुमी कडक हायसा. कडक कसली! लोकांच्या शेंगांच्या टरफलांपुरती कडक.

“हो, वाचलं होतं,” मी म्हणाले. “तिची इच्छा नसेल तर राहू दे, आबा.”

आत्या दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेली.

पुढचं भराभरा सांगते. सारिका इथंच शिकली, बारावी झाली. कॉलेजला सांगलीला जायचं म्हणाली नाही. आबांना अर्धांगवायू झाला, तिनं सात वर्षं त्यांचं सगळं केलं. स्थळं आली, ती गाव सोडायला लागेल म्हणून तिनं परतवली. मी तिला वाचनालयात मदतनीस म्हणून घेतलं. मला वाटायचं, फेडतेय मी थोडं थोडं. दिवाळीच्या आठवड्यात ती संध्याकाळी लवकर जायची, मी कधी कारण विचारलं नाही. मला माहीत होतं, स्टँडवर जाते.

दोन हजार अकरा साली गलाईवाल्यांनी बातमी आणली की संपत कोइमतूरला वारला. फुफ्फुसं गेली होती. त्यांनीच तिला तिथल्या बायकोचं आणि दोन मुलांचं सांगितलं. सारिका चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली, खुर्च्या पुसल्या, मासिकं लावली, आणि मग म्हणाली, “तिकडं त्यांचं काही का असेना, बाई. यायचं होतं त्यांना. लिहिलं होतं ना त्यांनी.”

मी मान हलवली. आता सांगायचं तरी कसं? तिच्याजवळ बापाचं एवढंच उरलं होतं, आणि तेही मीच बनवून दिलेलं.

मी निवृत्त झाले, ती माझ्या खुर्चीवर बसली. मागच्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मी माझी पुस्तकं काढली, म्हटलं आता दिसतंय तर जुनं काय ते आवरावं. शब्दकोश उचलला आणि त्यातून चार घड्यांचा कागद पडला. तो तिथं आहे हे मला सगळी वर्षं माहीत होतं. उघडायचा धीर नव्हता. त्या दिवशी उघडला, आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला.

“चिनूने दिवा लावून वाट बघू नये. जूनमध्ये आत्या कोल्हापूरला न्यायला येईल, मी तिच्याशी बोललो आहे. तिच्याबरोबर जावे व शिकावे. आबांची काळजी करू नये. चूक कप्तानाची आहे, चिनूची नाही. तिने लिहिलेला शेवट मी सहा वेळा वाचला. तो छापलेल्यापेक्षा चांगला आहे. असे व्हायला हवे होते. तिने रागवावे, पण लिहीत राहावे. हे बोलून दाखवायला मला जमले नाही.”

पूर्ण वाचल्याशिवाय मत लिहू नये म्हणे! त्यानंतरही तेवीस वर्षं त्या पाटीखाली बसून राहिले मी, आणि ह्या एका माणसाच्या बाबतीत सहा-सात ओळी वाचल्या नाहीत. ढसाढसा रडले. बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत. चार दिवस कागद उशाखाली ठेवला. फाडून टाकावा असंही मनात आलं. पण एकदा फाडून मी काय मिळवलं होतं?

पाचव्या दिवशी सकाळी वाचनालयात गेले. सारिका काउंटरवर एकटीच होती. केसांत पांढरं दिसायला लागलंय आता.

“बाई! डोळा कसाय? अशा उन्हात कशाला आलात?”

मी कागद तिच्यापुढं ठेवला. “हे तुझं आहे. रद्दीत गेलं नव्हतं. मी फाडून ठेवलं होतं, आणि तुला खोटं सांगितलं होतं.”

तिनं घड्या उघडल्या. वरून वाचायला लागली. अठरा, त्र्याहत्तर. टरफलाच्या तक्रारीपाशी किंचित हसली. मग खाली आली. पिवळ्या ठशावर तिचं बोट थांबलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. मी उभीच होते. पंखा फिरत होता.

“जूनमध्ये,” ती म्हणाली. “आत्या आली होती की जूनमध्ये.”

“हो.”

“मी गेले असते, बाई.” आवाज चढला नाही तिचा. “हे वाचलं असतं तर मी गेले असते. खूप रडले असते, आणि गेले असते.”

“माझं चुकलं, सारिका. मला वाटलं मी तुला वाचवतेय.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि माफी मी मागितलीही नाही. उठली, मागच्या कपाटातून ‘ध्रुवयान’ काढलं. पुठ्ठा निखळलेला, पण तिची ती चार पानं अजून घट्ट होती, कणकेच्या खळीची. मी डिंकानं डकवलेला कागद तिनं अलगद सोडवला. त्याच्या जागी जुना कागद बसवला, कडेनं डिंक लावला आणि तळहातानं दाबून सरळ केला. मग खाली नवा कागद जोडला, वर तारीख घातली आणि पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. वर पेन ठेवलं.

“तुमचं मत राहिलंय, बाई. तुम्ही आता पूर्ण वाचलंय.”

एकोणतीस वर्षांत मी एकाही पुस्तकावर मत लिहिलं नव्हतं. पुस्तक घेतलं आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसले. संपत बसला होता तिथंच. माझा सभासद क्रमांक लिहिला. पुढं काय लिहू? एक शब्द लिहिला, खोडला. खिडकीबाहेर बघत राहिले. पुन्हा पेन टेकवलं, पुन्हा उचललं.

अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. अकरा वाजून गेले होते. सारिकानं एका सभासदाला दारातूनच परत पाठवलं, पंखा माझ्या बाजूला वळवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तिनं मला एकदाही घाई केली नाही.